देवळाभोवतीची पेठ

लग्न ठरलं की राधानगरीकडची माणसं आजही बस्ता बांधायला कोल्हापूर गाठतात. एसटी रंकाळा स्टँडला सोडते आणि पुढचं सगळं पायी: गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोड, गुजरी. साड्या, भांडी, साज, चपला आणि मधेच अंबाबाईचं दर्शन. देव आणि व्यवहार एकाच फेरीत उरकण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

वाटायचं कारणही नाही. कॉन्स्टँटिनोपल 1453 मध्ये जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदने तिथे बाजार उभारला, तोच आजचा इस्तंबूलचा ग्रँड बाजार. त्यातल्या गाळ्यांचं उत्पन्न आया सोफियाच्या देखभालीला लावून दिलं होतं. प्रार्थनास्थळ बाजारावर जगायचं, आणि त्यात कमीपणा नव्हता. साराजेवोची बाश्चार्शिया ही पेठही ऑटोमनांचीच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कारभाऱ्यांना मात्र ती आधुनिक शहरातली अडगळ वाटली आणि त्यांनी दुकानं पाडायला घेतली. पुढे पाडापाडी थांबली. गेलं ते गेलंच.

हे आज आठवायचं कारण घरचंच आहे. मे 2025 मध्ये चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत अंबाबाई मंदिर परिसराच्या विकासासाठी 1,445 कोटींचा आराखडा मंजूर झाला. नवरात्रात तिथे उभं राहिलेल्या कुणालाही मोकळी जागा हवी हे पटवून द्यावं लागणार नाही. आग लागली तर बंब कुठून आत न्यायचा, हा प्रश्न खराच आहे. पण अशा कामात पेठेकडे ‘अडथळा’ म्हणून पाहायची सवय लागते, आणि माझा आक्षेप त्या नजरेला आहे.

पेठ म्हणजे नुसती दर्शनी दुकानं नव्हेत. गुजरीत साज विकला जातो तो काचेच्या कपाटातून, पण घडतो माडीवर, बोळात, मागच्या खोलीत. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठशाने नक्षी उठवायची, पोकळीत लाख भरायची, मग जाव मणी आणि पानड्या ओवायच्या. पत्र्याला हात लावणारा वेगळा, ओवणारा वेगळा. हे सगळे हाकेच्या अंतरावर असतात म्हणून मोडका साज दुरुस्त होऊन मिळतो. दुकानदाराला पर्यायी गाळा देता येईल. ही साखळी कोणत्या गाळ्यात बसवणार?

चपलेचंही तेच. आमच्या दाजीपूरच्या जंगलात होणारा हिरडा आणि बाभळीची साल यांनी चामडं कमवायचं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवायचं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 मध्ये प्राडाने तशाच चपला मिलानच्या मंचावर आणल्या तेव्हा आपण सगळे खवळलो, आणि बरोबर केलं. पण मानांकनाने नाव राखता येतं, कारागिराची बसायची जागा राखता येत नाही. मिलानवर रागावणं त्या मानाने सोपं.

वाढत्या शहराला जुनी पेठ पुरत नाही, हे कोल्हापूरला नवं नाही. रेल्वे 1891 मध्ये आली. व्यापार वाढणार हे ओळखून शाहू महाराजांनी 1895 मध्ये स्टेशनालगत शाहूपुरी वसवली आणि गुळाचा मोठा व्यापार तिथे फोफावला. देवळाभोवतीची पेठ त्यासाठी मोडावी लागली नाही. आपल्या लेकीच्या, राधाबाईंच्या नावाने राधानगरी वसवून 1909 मध्ये भोगावतीवर धरणाचं काम सुरू करणारा हा राजा बांधकामाला बिचकणारा नव्हता. तरी कुठे बांधायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हा फरक त्याला कळत होता.

तेव्हा आराखड्यावर काम करणाऱ्यांना एक सांगणं आहे. मालमत्तेचे उतारे गोळा होतीलच. त्याआधी पेठेतल्या कामांची यादी करा: कोणत्या माडीवर कोण काय घडवतो, माल कुणाकडून घेतो, कुणाला देतो, भाड्याने आहे की पोटभाड्याने. उताऱ्यावर ज्यांचं नाव नाही ते नुकसानभरपाईच्या हिशेबातून सहज सुटतात, आणि गुजरीच्या माडीवरची बरीच मंडळी त्यांतलीच असतात.