दार उघडणाऱ्याची बाजू

“असं दार उघडतं का कुणी?”

हे मत माझ्या डोक्यातून जात नाही. ते कुणी दिलं आणि कशावर दिलं, ते आधी सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावर अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुली भाड्याने राहतात. कर्वेनगरात हे घरोघरी आहे. कमिन्स महाविद्यालय जवळ असल्यामुळे खाली निवृत्त माणसं आणि वर मुली, अशी कितीतरी घरं आहेत. आमच्या मुलींना एक आवड आहे. चार पैशांत काढलेले, फारसे कुणी न पाहिलेले खूनपट त्या शोधून शोधून पाहतात. त्यांना त्या ‘स्लॅशर’ म्हणतात. साचा ठरलेला असतो: आडबाजूचा बंगला, सहलीला आलेली तरुण पोरं, मुखवटा घातलेला माणूस, त्याच्या हातात सुरा आणि शेवटी जिवंत उरलेली एक मुलगी. शनिवारी जेवणं उरकली की लॅपटॉप लागतो आणि मध्यरात्रीनंतर गच्चीवर मतं मांडली जातात, तारे दिले जातात. मी जन्मभर संस्कृत शिकवलं. कुणी नाट्याच्या बऱ्यावाईटाबद्दल बोलू लागलं की मला राहवत नाही, म्हणून मीही वर जाऊन बसते. “रक्त अगदी रंगपंचमीचं वाटत होतं.” “खून कमी पडले.” “पहिली मेली ते बरं झालं, डोकं उठवलं होतं तिने.” अशी ती मतं.

एका शनिवारी त्यांनी ‘माफीचा साक्षीदार’ लावला. 1986 सालचा मराठी चित्रपट. ‘अष्टविनायक’ करणाऱ्या राजदत्तांनी दिग्दर्शित केलेला, नाना पाटेकर आणि मोहन गोखले असलेला, पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला. तो काही स्लॅशर नव्हे. पण या मुलींनी तो त्याच मापाने मोजला. नानांचा थंडपणा जबरदस्त, गती जुनी, गाणी नको होती, असं बोलणं झालं. मग त्यांतली एक म्हणाली, “पण असं दार उघडतं का कुणी?”

खूनपटांच्या प्रेक्षकाचं हे सगळ्यात लाडकं मत आहे. मरणाऱ्याने मूर्खपणा केला. तळघरात एकटी गेली, मागे वळून पाहिलं नाही, दार उघडलं. एकदा मूर्खपणा ठरला की मरणाचा हिशेब मिटतो आणि पाहणारा मोकळा होतो.

हे हत्याकांड सुरू झालं त्या 1976 मध्ये पुण्यात लोक दार उघडत. घंटा वाजली की उघडत, कोण आहे ते उघडल्यावर पाहत. आणि आमच्या या वस्तीबद्दल तर काय सांगावं! अण्णा कर्व्यांनी 1896 साली पुण्यात काढलेला अनाथबालिकाश्रम 1900 साली हिंगण्याच्या माळावरच्या एका झोपडीत आला, तेव्हा गावाने टाकलेल्या, अनोळखी बायकांना आत घेण्यासाठीच ते दार होतं. त्या माळाचं आज कर्वेनगर झालं. इथे शिकायला आलेल्या मुलीने उघड्या दाराला मूर्खपणा म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं. तिला दोष देत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात हे हत्याकांड करणाऱ्या टोळीने दहा जीव घेतले. मारेकरी चित्रकला शिकणारी तरुण पोरं होती. मी तेव्हा कॉलेजात होते. डिसेंबरात भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या घरातली बातमी आली आणि शहराची संध्याकाळ संपली. सहा वाजले की रस्ते ओस. हिंगण्यात तर तेव्हा घरं विरळ आणि नदीपर्यंत शेतं. वडिलांनी दाराला आतून आडणा घातला. दूधवाल्याने आधी बाहेरून नाव सांगायचं आणि मग आईने खिडकीच्या गजांमधून पातेलं धरायचं, असा नियम झाला. आईचा हात गजाला अडे आणि थोडं दूध रोज ओट्यावर सांडे. टोळीतल्या चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. आडणा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं होता.

मी मुलींना विचारलं, त्या टोळीतल्या कुणाचं नाव माहीत आहे? “जक्कल,” सगळ्या एकदम म्हणाल्या. आणि अभ्यंकर कोण होते? कुणालाही माहीत नव्हतं.

मी खालून एक पुस्तक आणलं. ‘अ डिक्शनरी ऑफ संस्कृत ग्रामर’, बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये 1961 साली निघालेला कोश. माझ्या प्रतीचा पुठ्ठा बदललेला आहे आणि पानांच्या कडा हाताळून काळ्या पडल्या आहेत. व्याकरणातली एखादी संज्ञा अडली की भारतभरचा विद्यार्थी हा कोश उघडतो. लेखक काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. त्यांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री. त्यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं. मुलाने त्या कामाला प्रस्तावनेचा आणखी एक मोठा खंड जोडला. डिसेंबरातल्या त्या रात्री ज्या घराची घंटा वाजली, ते घर या काशिनाथशास्त्र्यांचं. वय नव्वदीला टेकलेलं. त्यांच्याबरोबर पत्नी, नात, नातू आणि घरात काम करणाऱ्या बाई. पाचही जण गेले. पुस्तक मुलींच्या हातांतून फिरलं. त्या शनिवारी कुणी तारे दिले नाहीत.

आता मूळ प्रश्न. पडद्यावरचा खून पाहून आपल्याला जे सुख होतं, ते पाप आहे का? मी हा शब्द विचार करून वापरते आहे.

आपल्या शास्त्रांत याची दोन उत्तरं आहेत आणि वरवर ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. सांख्यांचा पुरुष हा नुसता पाहणारा आहे. प्रकृती नर्तकीसारखी समोर येते, आपलं दाखवते आणि निघून जाते. पाहणाऱ्याला काही चिकटत नाही. योगशास्त्र सांख्यांच्या घरचंच. पण ते हिंसेचा विचार करताना इतकं सैल सोडत नाही. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती अनुमोदन दिलेली, तिन्ही हिंसाच. ती लोभाने, रागाने किंवा मोहाने घडते. सौम्य, मध्यम किंवा तीव्र असते. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य या भेदांचे पुन्हा पोटभेद करत एक्क्याऐंशी प्रकारांपर्यंत जातं. त्या मोजदादीत हात न लावता मान डोलावणाऱ्याचीही गणना आहे. जैन परंपरेतही करणं, करवणं आणि अनुमोदणं हे तिन्ही दोषाचेच मार्ग आहेत.

यावर कुणी म्हणेल, पडद्यावर मरतं कोण? कुणीच नाही. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये न्हाणीघरात वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेटचं सरबत होतं, चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे ते खपलं. सरबत सांडल्याचं अनुमोदन दिलं तर बिघडलं काय?

इथे अभिनवगुप्त फार उपयोगी पडतो. हजार वर्षांपूर्वीच्या या काश्मिरी आचार्याने भयानक रस समजावताना ‘शाकुंतल’मधलं हरीण घेतलं. दुष्यंताचा रथ मागे, बाण मागे आणि मान वळवून पाहत पळणारं ते हरीण. प्रेक्षकाला भय जाणवतं. पण ते ‘माझं’ भय नसतं, हरणाचं नसतं, शत्रूचं नसतं, मित्राचंही नसतं. भय सगळ्या मालकीतून सुटतं म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. प्रेक्षक स्वतःचा राग-लोभ घेऊन आत शिरला की रसात विघ्न येतं, हेही त्याने स्वच्छ सांगितलं आहे. म्हणजे खरा रसिक भितो तेव्हा कुणाच्या मरणाला मान डोलावत नसतो. तिथे लोभही नाही आणि रागही नाही. योगशास्त्राच्या त्या मोजदादीत तो येतच नाही.

म्हणून खूनपट पाहणारी मुलगी विकृत, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. काळोखात पावलं वाजतात, श्वास अडकतो, उशी छातीशी धरली जाते, यात दोष नाही. “रक्त रंगपंचमीचं वाटलं” हे मतही निर्दोष आहे. ते कारागिरीबद्दल आहे. पण “पहिली मेली ते बरं झालं” असं म्हणताना काहीतरी बदलतं. तिथे आपला राग आत आला आहे. रस मोडला आहे आणि त्याच जागी अनुमोदन सुरू झालं आहे. मेलेली बाई खोटी असेल. माझ्या मनात उठलेली ‘मरावी’ ही इच्छा खोटी नव्हती. योगशास्त्र मेलेल्यांची संख्या विचारत नाही, ते त्या इच्छेकडे पाहतं आणि तिचं फळ दुःख आणि अज्ञान, असं सांगतं.

खूनपट बनवणाऱ्यांना ही जागा नेमकी माहीत असते. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ (1978) सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये झाला आणि पुढच्या शेकडो खूनपटांना त्याने वाट दाखवली. त्याची सुरुवात खुन्याच्या डोळ्यांतून आहे. आपण खिडकीतून डोकावतो, सुरा उचलतो, जिना चढतो. मुखवट्याच्या दोन भोकांतून सगळं दिसतं. शेवटी कळतं की खुनी सहा वर्षांचा मुलगा आहे. कार्पेंटर लगेच आपल्याला त्या डोळ्यांतून बाहेर काढतो आणि नंतर पळणाऱ्या मुलीच्या बाजूने उभं करतो, म्हणून तो मोठा. त्याच्या नकला करणाऱ्यांपैकी अनेकांनी पहिली युक्ती उचलली आणि दुसरी सोडून दिली. 1980 मध्ये रॉजर एबर्ट या अमेरिकन समीक्षकाने अशाच एका हिंसक चित्रपटाचं परीक्षण लिहिताना शेजारी बसलेल्या प्रेक्षकांचे खुशीचे उद्गार नोंदवले होते. पडद्याइतकीच त्याला त्या खुर्च्यांची भीती वाटली. त्याने चित्रपटाला शून्य तारे दिले.

मराठी रंगभूमी या बाबतीत सोवळी नाही, हेही बोललं पाहिजे. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ला लोकांनी टाळ्या दिल्या त्या विराटनगरीतल्या कीचकासाठी नव्हत्या, त्यांना समोर व्हाइसरॉय कर्झन दिसत होता. सरकारलाही तेच दिसलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. ते अनुमोदनच होतं, उघड आणि जाणतेपणी दिलेलं. मी त्या प्रेक्षकांना नावं ठेवणार नाही. पण रसास्वाद म्हणून ते खपवणारही नाही.

रंगमंचावर मृत्यू दाखवू नये, असं भरताच्या परंपरेने सांगितलं. भासाने तो संकेत मोडला. त्याची नाटकं गणपतिशास्त्र्यांनी 1912 पासून त्रिवेंद्रमहून छापली, तेव्हा पंडितांना या गोष्टीचं मोठं आश्चर्य वाटलं. ‘ऊरुभंगा’त दुर्योधन आपल्या डोळ्यांसमोर मरतो. प्रेक्षक कोणत्या मनाने आलेला असणार? हा मरायलाच हवा, याच मनाने. आणि भास काय करतो? आंधळा बाप येतो, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई येते आणि मग दुर्जय नावाचा लहान मुलगा येतो. त्याला नेहमीसारखं बापाच्या मांडीवर बसायचं आहे. मांड्या मोडलेल्या आहेत. बाप त्याला नको म्हणतो आणि का नको, ते त्या पोराला समजेल असं सांगता येत नाही. त्या क्षणी ‘बरं झालं’ म्हणणारा प्रेक्षक उरत नाही. दुष्टसुद्धा कुणाचा तरी असतो, एवढंच भासाने दाखवलं आणि तेवढं पुरलं. त्यासाठी पैसा लागत नाही. कमी खर्चात काढलेल्या चित्रपटालाही ते जमू शकतं: मरणाऱ्याला मरण्याआधी एक नाव, एक सवय, वाट पाहणारं एक माणूस द्यायचं.

खऱ्या खुनांवरच्या चित्रपटाला हे जास्तच लागू आहे. तिथे ‘मरतं कोण?’ असं विचारायची सोय नाही. अनुराग कश्यपचा ‘पाँच’ याच हत्याकांडावरून सुचलेला म्हणतात. तो सेन्सॉरमध्ये अडकला, वर्षानुवर्षं चित्रपटगृहांत लागला नाही, तरी पोरांनी मिळवून पाहिला आणि त्याच्याभोवती एक वलय तयार झालं. टोळीतल्या मुनव्वर शहाने तुरुंगात लिहिलेलं आत्मकथनही लोकांनी वाचलं. मारणाऱ्यांचं मन कसं असेल, हे कुतूहल मी चूक मानत नाही. माणूस असा कसा होतो, हे समजून घेतलंच पाहिजे. पण पन्नास वर्षांनी गच्चीवरच्या पाच-सहा शिकलेल्या मुलींना मारणाऱ्याचं नाव पाठ असावं आणि कोशकाराचं ठाऊक नसावं, ही आपण सगळ्यांनी मिळून केलेली वाटणी आहे. बातम्यांनी, पुस्तकांनी, चित्रपटांनी आणि आम्ही शिक्षकांनीही. ती अन्यायाची आहे.

माझा निर्णय असा. खूनपट पाहावेत, भ्यावं, कारागिरीला हसावं, शेवट आधी ओळखावा. सेन्सॉरने ते कापत बसावं असं मला वाटत नाही. पण ज्या चित्रपटाला मरणाऱ्याबद्दल काहीच सांगायचं नाही, तो वाईट चित्रपट आहे. रक्त कितीही हुबेहूब असो.

आणि तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी असा एखादा चित्रपट पाहून मत द्याल, तेव्हा सुरुवात खुन्याच्या अभिनयापासून करू नका. दार ज्याने उघडलं तो कोण होता, हे चित्रपटाने तुम्हाला सांगितलं की नाही, ते आधी सांगा. चित्रपट खऱ्या घटनेवरचा असेल आणि त्याने सांगितलं नसेल, तर तेवढी माहिती स्वतः शोधून काढा आणि मगच तारे द्या.