केस पेपरवरचे अठरा

श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नसतं. ‘आता तुमचे श्वास मोजते’ म्हटलं की श्वास बदलतो. कुणी लांब ओढतं, कुणी चक्क रोखून धरतं. म्हणून नर्सिंगला आम्हाला शिकवलं ते असं: मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजायची आणि नाडी झाली तरी हात सोडायचा नाही. पेशंटला वाटतं, नाडीच चाललीय. आपली नजर मात्र पदरावर, सदऱ्याच्या गुंड्यांवर. वर गेलं, खाली आलं, एक. घड्याळाचा काटा पुरता फिरेपर्यंत.

पाथर्डी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी हे काम करते. बीपीचा पट्टा बांधते, ताप बघते, वजन घेते, चालता येत नाही त्याला धरून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत नेते. आमचे वडील नाथपंथी. कानिफनाथांची मढी आमच्याच तालुक्यात. होळी ते पाडवा तिथे यात्रा असते आणि वडिलांनी ती सहसा चुकवलेली नाही. मी लहान असताना ते घोंगडीवर बसून सांगायचे, की श्वास बाहेर जाताना ‘हं’ म्हणतो आणि आत येताना ‘स’. माणूस झोपला तरी हा जप थांबत नाही. न जपता होतो म्हणून तो अजपा. दिवसरात्र मिळून तो २१,६०० वेळा होतो.

पुढे नर्सिंगच्या वर्गात फळ्यावर आलं, मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २०. त्या रात्री होस्टेलवर वहीच्या मागच्या पानावर मी भागाकार केला. दिवसाची मिनिटं १,४४०. २१,६०० भागिले १,४४० म्हणजे बरोबर १५. अंगावर काटा आला. घड्याळ नसलेल्या काळात कुणीतरी किती शांत बसून हे मोजलं असेल, असं वाटत राहिलं.

आणि तीच मी, नोकरीला लागल्यावर चार-पाच वर्षांत, न मोजता १८ लिहायला लागले. बाजारच्या दिवशी टेबलावर केस पेपरची चळत असते, बाकावर जागा नसते, बाहेर लेकरं रडत असतात. बीपी खरं लिहायचे, ताप खरा लिहायचे, वजन खरं लिहायचे. श्वासाच्या रकान्यात १८. त्या आकड्यावर कुणी बोट ठेवत नाही.

एकदा ऊसतोडीहून परतलेले एक बाबा आले. कोपरं मांडीवर टेकवून पुढे वाकून बसले होते. थोडा ताप होता, बीपी बरं होतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तेव्हा आमच्याकडे नव्हतं. मी १८ लिहिले आणि ‘बाबा, चला’ म्हणून त्यांना आत नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, सदरा वर केला आणि घड्याळ काढून मिनिटभर गप्प बसले. मग माझे १८ खोडून ३४ लिहिले. मला एक शब्दही बोलले नाहीत. १०८ला फोन गेला. न्यूमोनिया होता. बाबा बरे झाले. पण ते बरे झाले म्हणून माझ्या हातून घडलं ते पुसलं जात नाही.

संध्याकाळी घरी वडिलांना विचारलं, “मिनिटाला चौतीस म्हणजे दिवसाला जवळजवळ एकोणपन्नास हजार. दम लागलेल्या माणसाचा जप मग जास्त होतो का?”

वडील म्हणाले, “आकड्यात जप नसतो, बाळा. श्वास तर गाढवंही घेतात. हा जप चाललाय हे ज्याला कळलं, त्याचाच तो जप. बाकी नुसता वारा.”

तिथे मी अडकले. कारण माझ्या पेशंटला कळता कामा नये, हीच तर मोजण्याची अट. त्याला कळलं की श्वास त्याचा राहत नाही. मग ते कळणं कुणाकडे असायचं? मनगट धरलेल्या माणसाकडे. त्या बाबांच्या बाबतीत ते मिनिट ओस गेलं. त्यांना भान नव्हतं आणि मीही तिथे नव्हते. त्यांच्या श्वासाला साक्षीच नव्हता. मला चूक म्हणून जे टोचतं ते हे. आकडा चुकणं त्याच्या नंतरचं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी श्वास मोजायचं एक साधन केलं. त्यात एक मिनिटाची वाळूची घटिका असते आणि मणी असतात. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा माळच दिसली. फरक एवढाच, की ही माळ ओढणारी दाई स्वतःचे श्वास मोजत नाही.

दुसऱ्याच्या श्वासाची माळ आपण ओढावी, हे वडिलांना पटत नाही. “दुसऱ्यानं आंघोळ केली म्हणून आपला मळ निघत नाही,” असं ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात दम आहे. मढीला मुसलमानही श्रद्धेनं येतात, आमच्या ओपीडीतही येतात. बुरख्यातल्या एखाद्या आजीच्या श्वासात माझ्या वडिलांचा मंत्र घालायचा मला अधिकार नाही. तिचा श्वास काय म्हणतो ते तिचं तिला ठाऊक. तरी मला वाटतं, जाणीव उसनी देता येते. एका मिनिटापुरती का होईना, येते. मी वडिलांना म्हटलं, “चार दिवसांच्या बाळाला जपाचं कुठलं भान? त्याचा नुसता वाराच का?”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाळाचं आई जाणते.”

“आईला चालतं, तर सिस्टरला का नाही?”

त्यांनी घोंगडी झटकली आणि आत गेले. हा विषय आमच्यात अजून मिटलेला नाही.

‘नाडी बघते’ असंही मी आता म्हणत नाही. ते निम्मंच खरं असायचं. गुपचूप हात धरते. बाजाराचा दिवस असला तरी काटा पुरता फिरू देते, रांग थोडी कुरकुरते.

परवा एका वस्तीवर आशाताईंबरोबर बाळंतिणीकडे गेले होते. बाळ चार दिवसांचं, नुकतंच पिऊन झोपलेलं. झबलं वर करून पोटाकडे बघत बसले. बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच थांबतो, आणि आपलाही थांबतो. म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट करून चालत नाही. ६२ आले. ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचं असतं. आशाताईंनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. बाळाची आई आमच्या तोंडाकडे बघत राहिली, तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्यांदा ५४ आले. तिला सांगितलं, “बरं आहे.” तिनं झबलं खाली ओढलं, आणि मी रकान्यात ५४ लिहिले.