ध्रुवाची दवंडी

विद्यापीठांनी आपल्या भिंतींबाहेर पडून लोकांस विनामूल्य व्याख्याने द्यावीत, ह्या तत्त्वास आज कोणी विरोध करील असे वाटत नाही. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातल्यापासून व्याख्यान हे आपल्याकडे लोकशिक्षणाचे मान्य साधन होऊन बसले आहे. आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर ह्यांच्या नावाने चालणाऱ्या बहिःशाल व्याख्यानमालांनी ते खेडोपाडी नेले. विरोध उभा राहतो तो विषय ठरविताना. श्रीपूरसारख्या गावी आरोग्य, शेती, कायदा ह्यांवर व्याख्यान ठेविले तर कोणाची हरकत नसते; परंतु ध्रुवप्रदेशाचे संशोधन आणि तेथील बर्फाची आजची अवस्था हा विषय सुचविताच 'ह्याचा आम्हांस उपयोग काय?' असा प्रश्न येतो. हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. ज्यास पाटाचे पाणी केव्हा सुटेल ह्याची विवंचना आहे, त्याच्या आयुष्यातील एक संध्याकाळ मागावयाची, तर ती कशासाठी, हे मागणाऱ्याने सांगितलेच पाहिजे.

'ध्रुव फार दूर आहे' असे म्हणणाऱ्याने प्रथम आपल्या पायाखालच्या जमिनीकडे पाहावे. श्रीपूर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. पण ज्या माळशिरस तालुक्यात ते वसले आहे तो पर्जन्यछायेचा मुलूख होय. येथला ऊस येथल्या पावसावर उभा नाही. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघरच्या धरणात सह्याद्रीचे पाणी साठते आणि नीरेच्या उजव्या कालव्याने ते ह्या तालुक्यापर्यंत पोहोचते. सह्याद्रीवर कोसळणारे ते पाणी तरी समुद्रावरूनच आलेले असते. ज्या गावाचे वैभव दूरच्या डोंगरावर आणि त्याहून दूरच्या सागरावर अवलंबून आहे, त्या गावाने दूरत्वाची सबब सांगावी हे शोभत नाही. दूरच्या बर्फाचा आणि आपल्या पावसाचा काही संबंध असावा, हा विचारही नवा नाही. हिंदुस्थानच्या वेधशाळा खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड ह्यांनी हिमालयावरील हिमवृष्टी आणि मोसमी पाऊस ह्यांचा संबंध १८८४ सालीच दाखविण्याचा प्रयत्न केला होता.

आता ध्रुवाची हकीकत पाहू. १४ डिसेंबर १९११ रोजी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. १७ जानेवारी १९१२ रोजी कॅप्टन स्कॉट तेथे गेला, तेव्हा त्यास प्रतिस्पर्ध्याचा तंबू दिसला. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे सोबती उपासमारीने व थंडीने गेले. पुढे त्यांचा शोध लागला, तेव्हा त्यांच्यापाशी सुमारे ३५ पौंड दगड सापडले. अंगात त्राण नसतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. ह्याच वनस्पतीचे ठसे आपल्या वर्धा खोऱ्यातील, चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांत आढळतात. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी हा मुलूख आणि तो हिमखंड एकाच विशाल भूमीचे भाग होते, आणि त्या भूमीस भूशास्त्रज्ञांनी दिलेले नाव आपल्याच गोंडवनावरून घेतलेले आहे.

म्हणजे ज्या अरण्याची पाने स्कॉटच्या गाडीवर होती, तशाच अरण्याचा कोळसा होऊन तो आज चंद्रपूरच्या विद्युत्‌केंद्रात जळतो आणि आपल्या घरात दिवा लागतो. त्याचा धूर कोठे जातो, ह्याची नोंदही ध्रुवाने ठेविली आहे. दरवर्षी पडणाऱ्या हिमाच्या थरांत त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे कोंडले जातात. युरोपीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या, अंटार्क्टिकाच्या खोल बर्फातून काढलेल्या स्तंभाने सुमारे आठ लक्ष वर्षांचा वृत्तान्त उलगडला. त्या सर्व काळात हवेतील कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३०० भागांच्या वर गेले नव्हते. आज ते ४२० च्या पुढे आहे. ज्या हिमखंडाचे सर्व बर्फ वितळल्यास समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, त्याच्याच वहीत हा जमाखर्च लिहिलेला आहे. एवढे बर्फ उद्या वितळणार नाही, शतकानुशतके लागतील. परंतु त्याच्या कडा झिजत आहेत, आणि मुंबईसारख्या नगरास मीटरभर पाणीही पुष्कळ झाले.

हे ज्ञान लोकांस फुकट का द्यावे? दान म्हणून द्यावे, असे पुष्कळांस वाटते. मला हे उत्तर पटत नाही. १९८१ साली डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. १९८३–८४ च्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या आणि पुण्यात विज्ञान शिकलेल्या डॉ. अदिती पंत होत्या. मैत्री आणि भारती ही आपली ठाणी तेथे उभी आहेत. हा सर्व खर्च सरकारी खजिन्यातून झाला, आणि त्या खजिन्यात काड्यापेटी विकत घेणाऱ्या मजुराचाही पैसा आहे. ज्याचे मोल त्याने आधीच भरले, ते त्यास दान कसे होईल? शिवाय पूर आला, साथ आली, तर गावात दवंडी पिटत. दवंडी ऐकण्याचे पैसे कोणी कधी मागितले नाहीत. ज्याच्या घरावर संकट येणार, त्यास ते आधी कळणे हा त्याचा हक्क आणि कळविणे हे जाणत्याचे कर्तव्य, एवढाच त्यातील न्याय. ध्रुवाविषयीचे व्याख्यान ही अशीच एक दवंडी आहे.

परंतु दवंडीचेही काही धर्म आहेत. पहिला असा की, पिटणाऱ्याने वाढवून सांगू नये. एखाद्या वर्षी पाऊस चुकला की त्याचे खापर ध्रुवावर फोडणारा व्याख्याता टाळ्या मिळवील, पण सत्याशी द्रोह करील. दुसरा धर्म अधिक कठीण आहे. 'आपण सर्वजण दोषी आहोत' हे वाक्य अशा व्याख्यानांच्या शेवटी हटकून येते. ते नम्रतेचे दिसते, पण अन्यायाचे आहे. श्रीपूरच्या श्रोत्यास हे समजविणे सोपे आहे. कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याने अमर्याद पाणी ओढले की शेवटच्या टोकाचे शेत वाळते. तेव्हा 'पाणी आपण सर्वांनीच संपविले' असे कोणी म्हणाले, तर टोकाचा शेतकरी काय उत्तर देईल? हवेच्या बाबतीतही तोंडाशी बसलेली राष्ट्रे आहेत आणि टोकाला बसलेली आहेत. भारतीय माणसाच्या वाट्यास येणारा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. आणि भारतातही सर्वांचा वाटा सारखा नाही. हंगामात फडाच्या कडेला कोपी घालून राहणारा ऊसतोड कामगार आणि वातानुकूल खोलीत हा लेख वाचणारे कुटुंब ह्यांस एकाच मापाने मोजणे म्हणजे समतेच्या नावाखाली विषमता लपविणे होय.

म्हणून दवंडी सर्वांनी ऐकावयाची असली, तरी तिचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. कोपीतल्या माणसास तिने सावध करावे. त्याने आपल्या वाट्याचे संरक्षण मागावे आणि जाब विचारावा. आम्हां सुशिक्षितांस मात्र ती जाब विचारते. दवंडी ऐकलेल्या माणसास पुढे 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही, आणि विनामूल्य व्याख्यानाचे खरे मूल्य ते हेच. ते सभागृहाच्या दाराशी कोणी घेत नाही. घरी परतल्यावर, दिवा लावताना, मोटार काढताना, मत देताना ते चुकते करावे लागते. श्रीपूरच्या श्रोत्याने 'उपयोग काय?' असे विचारले, तर त्यास निःसंकोच सांगावे की, बाबा रे, तुझा वाटा कोणी ओढला हे तुला कळावे, एवढाच उपयोग. तोच प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला, तर मात्र तो उपयोग जाणण्यासाठी विचारला आहे की उत्तर टाळण्यासाठी, हे ज्याचे त्याने आपल्या मनाशी ठरवावे.