त्या पन्नास जणांचं देणं

सर्पगंधेचं चूर्ण घेतलं की बीपीची गोळी सुटते, असा एक मजकूर वडिलांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला. वडील निवृत्त टर्नर. सगळी हयात आकुर्डीतल्या कारखान्यात लेथवर गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय कशावर विश्वास नाही. "हे खरं का खोटं, ते बघून सांग," म्हणाले. चूर्णाची डबी मात्र आधीच आणून ठेवली होती.

शोधायला बसलो. सर्पगंधेपासून काढलेल्या रिझर्पीनच्या दुष्परिणामांवरचा एक अलीकडचा लेख सापडला. सारांश फुकट, पुढचं वाचायचं तर तीसेक डॉलर. व्हॉट्सॲपवरचा मजकूर अर्थातच पूर्ण आणि फुकट होता. मग पबमेड सेंट्रल या मोफत संग्रहात १९४९ सालचा एक निबंध मिळाला. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिलेला. सर्पगंधेनं उच्च रक्तदाब उतरतो का, हे त्यांनी ५० रुग्णांवर पाहिलं होतं. तो उतरत होता. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्याच मुळातून रिझर्पीन वेगळं केलं आणि ते औषध जगभर गेलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं.

"म्हणजे खरंच आहे की," वडील म्हणाले. मी सांगितलं, मूळ खरं आहे. पण त्यातून निघालेल्या औषधानं काही लोकांना नैराश्य आल्याच्या नोंदीही पुढे झाल्या, आणि या डबीत नेमकं किती काय आहे ते कुणी मोजलेलं नाही. 'मोजलेलं नाही' हे त्यांना पटलं. डबी कपाटात गेली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या पन्नास जणांना कळलं का रे, त्यांच्यामुळे औषध निघालं ते?"

मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडे ऋषिऋण मानतात. ते अध्ययनानं फिटतं म्हणतात. पण दवाखान्यातलं ज्ञान काही ऋषींकडून आलेलं नाही. दंडाला पट्टा बांधून घेत आठवडेच्या आठवडे चकरा मारणाऱ्यांकडून ते आलं. ते देणं कसं फेडायचं?

माझं पहिलं उत्तर होतं, सगळं उघडं करून. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं फेब्रुवारी २००० मध्ये पबमेड सेंट्रल सुरू केलं. आज तिथे एक कोटीहून जास्त लेख आहेत. करदात्यांच्या पैशातून झालेलं संशोधन तिथे ठेवणं २००८ पासून सक्तीचं झालं, पण प्रकाशकांना वर्षभराची सवलत होती. ती जुलै २०२५ मध्ये गेली. मुंबईत केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे इंटरनेटवर मोफत येणाऱ्या पहिल्या भारतीय नियतकालिकांपैकी एक. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले, तेही सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. थोडक्यात, टोलनाका तसाच राहिला, काही गाड्यांचा टोल सरकारनं भरला. निवृत्त टर्नर त्या गाडीत नाही.

पण उघडं करण्यात एक गोम आहे, ती मला उशिरा दिसली. वकिलांचे ५० रुग्ण आकड्यांत विरघळून गेले आहेत, त्यांना कुणी ओळखणार नाही. वैद्यकीय नियतकालिकांत मात्र एकाच रुग्णाची हकिगतही छापतात. वय, धंदा, कधी गाव, कधी डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला फोटो. ग्रंथालयाच्या कपाटात ती दहा डॉक्टर वाचायचे. आता शेजारचा मुलगाही वाचू शकतो. 'आकुर्डीतला अमुक वयाचा टर्नर, दुर्मीळ आजार' एवढं लिहिलं तर आमच्या गल्लीत नाव सांगायची गरज उरणार नाही. रुग्णानं कधीतरी फॉर्मवर सही केलेली असते. पण कुणीही, कधीही, कुठूनही वाचेल, हे त्या सहीत होतं का? ज्याचं देणं फेडायला दार उघडायचं, त्याचीच लाज त्या दारातून बाहेर पडते. म्हणून दार बंद ठेवावं असं मी म्हणणार नाही. बंद दाराची किंमत त्या डबीच्या रूपानं आमच्या कपाटात आहे. पण 'सगळं खुलं करा' हे मी पूर्वी ज्या सहजतेनं म्हणायचो, तसं आता म्हणवत नाही.

आणि खुलं म्हणजे तरी कुणाला? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांच्या ६५० स्त्रियांवरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. जगानं दखल घेतली ती इंग्रजीत. पण त्याच राणीताईंचं 'कानोसा' मराठीत आहे, आणि त्यात तिथल्या बायकांचं बोलणं येतं. मला हे फेडणं जास्त प्रामाणिक वाटतं, भले त्याला कुठल्या संग्रहात क्रमांक नसो.

वकिलांच्या निबंधाची पानं मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणली. रविवारी वडिलांना ओळ ओळ मराठीत सांगितली. तक्त्यापाशी त्यांनी थांबवलं, चष्मा लावला आणि पेन्सिलीनं आकडे एकेक करून वाचायला लागले. "हा बघ," एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "याचं माझ्यासारखंच होतं."