चुकलेले पैसे मागायचे कोणाकडे?

स्वाहिली भाषेत पैशाला 'पेसा' म्हणतात. हिंदी महासागरावरच्या जुन्या व्यापारातून आपला 'पैसा'च तिकडे पोचला, असं मानलं जातं. मार्च २००७मध्ये केनियातल्या सफारीकॉम या टेलिफोन कंपनीनं 'पेसा'च्या आधी मोबाइलचा 'एम' जोडला आणि एम-पेसा ही सेवा सुरू केली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ३ जानेवारी २००९ रोजी, बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला. दोन्हींचा दावा वरवर पाहता सारखाच होता : पैसे पाठवायला बँकेच्या दारात उभं राहायची गरज नाही.

मी पैशांच्या व्यवहारांची सॉफ्टवेअरं लिहिते. आमच्या धंद्यात या दोघांची तुलना निघाली, की बोलणं लगेच वेग, खर्च आणि सुरक्षिततेवर जातं. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण मला त्यांच्यातला खरा फरक नैतिक वाटतो. तो पाहायचा तर सगळं सुरळीत चाललेलं असतानाचा व्यवहार सोडून चुकलेला व्यवहार पाहावा लागतो.

आधी एम-पेसा चालतं कसं ते पाहू. त्याला स्मार्टफोन लागत नाही. साध्या फोनच्या सिमकार्डावर एक मेनू असतो आणि एक पिन असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात एजंट बसतो. त्याला रोकड दिली की तेवढी रक्कम तुमच्या खात्यावर दिसते. गावाकडची आई तिथल्या एजंटकडून ती रोकड काढून घेते. लोकांच्या खात्यांवर दिसणाऱ्या रकमेइतके खरे पैसे बँकांमध्ये विश्वस्त खात्यात ठेवलेले असतात. मुळात ही योजना सूक्ष्मकर्जांचे हप्ते भरण्यासाठी आखली होती. लोक मात्र ती एकमेकांना पैसे पाठवायला वापरू लागले, आणि कंपनीनं जाहिरातच केली : घरी पैसे पाठवा. टॅव्हनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, एम-पेसामुळे केनियातली १,९४,००० कुटुंबं, म्हणजे सुमारे २ टक्के, दारिद्र्यातून बाहेर आली. या आकड्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. पण आजारपणात, दुष्काळात लांबच्या नातेवाइकाकडून काही मिनिटांत पैसे येऊ शकणं ही छोटी गोष्ट नाही, हे मान्य करायला आकडा लागत नाही.

आता चूक. नंबरातला एक आकडा चुकला आणि पैसे भलत्याच माणसाला गेले. एम-पेसामध्ये अशा वेळी कंपनीला कळवता येतं. समोरच्यानं पैसे काढलेले नसतील, तर ते परत मिळू शकतात. पुढे कंपनीनं पैसे जाण्याआधी समोरच्याचं नाव दाखवण्याचीही सोय केली. वापरणाऱ्याला यात विशेष काही वाटत नाही. कोड लिहिणाऱ्याला मात्र इथे थांबावं लागतं.

कारण चांगल्या खातेवहीत काही खोडायचं नसतं. चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्याखाली उलट नोंद करायची असते. ती करायची म्हणजे ज्याच्याकडे चुकून पैसे गेले, त्याच्या खात्यातून त्याच्या पिनशिवाय पैसे काढायचे. म्हणजे खातेदार नसलेल्या कोणालातरी खात्यावर लिहिण्याचा अधिकार असला पाहिजे. आणि तो अधिकार असला, की त्यानं तुमचं खातं गोठवता येतं, रिकामंही करता येतं. दया आणि जप्ती यांच्यासाठी वेगवेगळी यंत्रं नसतात. यंत्र एकच असतं. ते कोण आणि कोणाच्या सांगण्यावरून चालवतं, एवढाच फरक.

याची दुसरी बाजू आफ्रिकेतच दिसली. झिंबाब्वेमध्ये रोकड इतकी दुर्मिळ झाली होती, की भाजीपासून बसच्या भाड्यापर्यंतचे व्यवहार इकोकॅश या मोबाइल सेवेवरून चालत. जून २०२०मध्ये चलन कोसळत असताना सरकारनं त्याचं खापर मोबाइल पैशांवर फोडलं आणि हे व्यवहार स्थगित केल्याचं जाहीर केलं. नंतर खुलासे झाले, काही गोष्टी पुन्हा चालू झाल्या, पण निर्बंध आले ते आलेच. बाजारात निघालेल्या बाईचा यात काय गुन्हा होता?

नायजेरियात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या 'सार्स' पथकाच्या अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. त्यांच्यासाठी देणग्या गोळा करणाऱ्या फेमिनिस्ट कोअलिशन या स्त्रियांच्या गटाचे बँकेचे मार्ग बंद झाले, तेव्हा त्यांनी बिटकॉइनमध्ये देणग्या घेतल्या. त्या अडवता आल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये मध्यवर्ती बँकेच्या अर्जावर न्यायालयानं आंदोलनाशी संबंधित २० खाती गोठवली, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये त्याच मध्यवर्ती बँकेनं क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांची खाती बंद करा, असं देशातल्या बँकांना बजावलं. 'क्रिप्टो म्हणजे निव्वळ सट्टा' असं म्हणणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. जिथे कारकून सरकारच्या मुठीत आहे, तिथे कारकूनच नसलेली वही ही चैन नसते.

पण कारकून काढून टाकला, की त्याच्याबरोबर तक्रारीची खिडकीही जाते. बिटकॉइनमध्ये पैसा तुमचा आहे याचा पुरावा म्हणजे तुमची प्रायव्हेट की. ती सहसा १२ किंवा २४ शब्दांच्या रूपात जपून ठेवायची असते. शब्द हरवले, पैसे गेले. दुसऱ्या कोणाच्या हाती लागले, तरी गेले. चुकीच्या पत्त्यावर पाठवले, तर समोरच्याच्या भलेपणावर भिस्त. ही व्यवस्था दुष्ट नाही. तिला ऐकू येत नाही, इतकंच. शिवाय ज्याचे चार पैसे रोजच्या खर्चाचे आहेत, त्याला किमतीचे हेलकावेही परवडत नाहीत.

ही व्यवस्था कोणता माणूस डोळ्यांपुढे ठेवून बांधली आहे? त्याचा फोन फक्त त्याचा असतो. तो वाचू शकतो, गुपित राखू शकतो, त्याच्या घरात कागद भिजत नाहीत. थोडक्यात, चूक पचवायला त्याच्याकडे काहीतरी शिल्लक असतं. गरिबांच्या घरात फोन चौघांत फिरतो, दुरुस्तीला अनोळखी दुकानात जातो, आणि वाचता न येणाऱ्या आजीचा व्यवहार नातू किंवा एजंट करून देतो. चूक सगळ्यांकडूनच होते. तिची किंमत मात्र सगळ्यांना सारखी पडत नाही.

एल साल्वादोरचा अनुभवही याच अंगानं वाचायला हवा. ७ सप्टेंबर २०२१ रोजी बिटकॉइन तिथलं अधिकृत चलन झालं. सरकारनं 'चिवो' नावाचं वॉलेट काढलं आणि ते घेणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन दिले. बऱ्याच लोकांनी ते ३० डॉलर वापरले आणि पुन्हा डॉलरकडे वळले. २०२५च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या कर्जकरारानंतर बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढण्यात आली. गंमत म्हणजे मालक नसलेला पैसा लोकांपर्यंत पोचवायला सरकारी मालकीचं वॉलेट लागलं होतं. डॉलरशी जखडलेल्या नाण्यांचंही तसंच : त्यांतल्या मोठ्या नाण्यांच्या कोडमध्ये एखादा पत्ता काळ्या यादीत टाकण्याचं फंक्शन असतं, आणि ते कंपनीच्या हातात असतं.

आणि 'नियम म्हणजे नियम' हे तरी सगळ्यांना सारखं लागू होतं का? २०१६मध्ये इथेरियमवरच्या 'द डाओ' या निधीतून कोडमधल्या पळवाटेचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले. कोडनं जे करू दिलं तेच झालं होतं. तरीही जुलैमध्ये बहुतेकांनी मिळून इतिहासाची ती फांदी सोडून दिली आणि पैसे परत मिळण्याची सोय केली. ज्यांना हे पटलं नाही ते इथेरियम क्लासिकवर राहिले. म्हणजे दया तिथेही शक्य होती. फक्त ती मिळायला नुकसान तेवढं मोठं आणि नुकसान झालेले लोक तेवढे वजनदार असावे लागले. एका म्हातारीच्या हरवलेल्या शब्दांसाठी कोणी साखळीला फांदी फोडणार नाही.

यावर माझे मित्र म्हणतात, 'मग काय, कंपनीच्या मेहरबानीवर जगायचं?' आक्षेप रास्त आहे. मेहरबानी हा हक्क नव्हे. २०१५मध्ये केनियातल्याच एका बिटकॉइन कंपनीची एम-पेसाशी असलेली जोडणी सफारीकॉमनं तोडली. दार एकाच्याच ताब्यात असलं, की आत कोणी यायचं हेही तोच ठरवतो.

इथे मला आपल्याकडची एक जुनी वही आठवते. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते कागद त्यांनी जाळले. वही फक्त सावकार लिहीत होता, आणि कोर्ट रोख्यावरच्या आकड्यापलीकडे बघत नव्हतं. १८७९च्या कायद्यानं कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. तो कायदा परिपूर्ण नव्हता, पण त्यानं नेमकी जागा ओळखली होती : वही कोणाची हा एक प्रश्न, आणि तिसऱ्यासमोर ती उघडायला लावायचा हक्क आहे का, हा दुसरा.

विकसनशील देशांतल्या पैशाबद्दल मी हा दुसरा प्रश्न आधी विचारेन. कोणाचीच गरज नसणं हे एक स्वातंत्र्य आहे, आणि कोणालातरी जाब विचारता येणं हे दुसरं. रोजच्या जगण्यात गरिबाला दुसरं जास्त लागतं. पहिलं इमारतीच्या आगीच्या जिन्यासारखं आहे : जिन्यात कोणी संसार मांडत नाही, पण ज्या इमारतीला तो नाही तिला परवानगी मिळू नये. म्हणून बिटकॉइनवर सरसकट बंदी मला चुकीची वाटते, आणि तोच गरिबांचा पैसा ठरावा हा आग्रहही.

उरतो तो कारकून. त्याला काढून टाकता येत नसेल, तर बांधून घालता येतं. केनिया असो की आपलं यूपीआय, तक्रार कोणत्या भाषेत करता येते, किती दिवसांत उत्तर मिळतं आणि उत्तर पटलं नाही तर वर कोण आहे, हे पैसे पाठवण्याच्या वेगाइतकंच मोजलं गेलं पाहिजे. आणि खातं गोठवण्याच्या फंक्शनमध्ये मी तीन रकाने सक्तीचे करेन : कोणाच्या आदेशावरून, कोणत्या तारखेपर्यंत, आणि खातेदाराला कधी कळवलं. यांतला एकही रिकामा असेल, तर फंक्शन चालू नये.