मुदत संपली, देणे संपले का?



थकलेल्या मजुरीसाठी मालकाविरुद्ध दाद मागायची, तर ती ठरावीक मुदतीत मागावी लागते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याखाली अखेरपर्यंत ही मुदत १२ महिन्यांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने ती ३ वर्षे केली आहे. उशिराला सबळ कारण असेल, तर त्यानंतरही अर्ज दाखल करून घेता येतो. पण मुदत टळली म्हणजे मालकाचे देणे फिटले का?

कायदासुद्धा तसे म्हणत नाही. मुंबईच्या एका कापडगिरणीच्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुदत संपल्याने वसुलीचा मार्ग बंद होतो; देणे नाहीसे होत नाही. मुदत हवीच. काळाबरोबर साक्षीदार विसरतात, हजेरीपट गहाळ होतात. पण ती निवाड्याच्या सोयीसाठी आहे, सदसद्विवेकबुद्धीच्या सुटकेसाठी नाही.

पवित्र शास्त्रातही मुदत आहे, परंतु ती देणाऱ्यासाठी आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा आहे. मजुरी अडवणे हे पाप स्वर्गाकडे आक्रोश करते, असे ख्रिस्तसभा शिकवते. ‘आता दावा टिकणार नाही’ हा वकिलाचा सल्ला पापनिवेदनात उपयोगी पडत नाही. तेथे देणे चुकते करावेच लागते.

‘ख्रिस्ती माणसाने कोर्टाची पायरी का चढावी? क्षमा करावी,’ असे काही जण म्हणतात. आम्हांला वाटते, क्षमा म्हणजे मनातला द्वेष सोडणे. हक्काची मजुरी सोडणे नव्हे. त्या पैशांवर घरच्या मुलाबाळांचाही हक्क असतो. समजून-उमजून कोणी आपले येणे सोडले, तर ती उदारता. पण भीतीपोटी किंवा ‘आज देतो, उद्या देतो’ यावर विसंबून मुदत जाऊ दिली, तर तिला क्षमा म्हणता येत नाही. शिवाय मालकाला अन्याय पचू देणे, ही त्याच्यावरची प्रीतीही नव्हे.

म्हणून ज्यांची मजुरी थकली आहे, त्यांनी पगाराच्या पावत्या, पासबुक, हजेरीची नोंद जपून ठेवावी आणि वेळेत अर्ज करावा. ज्यांच्याकडे कामाला माणसे आहेत, त्यांनी मात्र ३ वर्षे मोजत बसू नये. सूर्य कोठवर आला ते पाहावे.