रोम पडले तेव्हा

शास्त्रभाग : इब्री लोकांस पत्र १३:१२-१४



आपल्या मंडळ्यांतून हल्ली एक चिंता पुष्कळदा ऐकू येते. ज्या युरोप-अमेरिकेतून मिशनरी आले, शाळा व दवाखाने उभे राहिले, त्याच युरोपातील कित्येक उपासनामंदिरे आज ओस पडली आहेत. काहींची विक्री होऊन तेथे ग्रंथालये, उपाहारगृहे, राहती घरेही झाली आहेत. मूळच वाळत चालले, तर फांद्यांनी किती दिवस तग धरावा, असे वडीलधारी माणसे काळजीने विचारतात. दुसरीकडे शेजारीपाजारी आपल्याला पिढ्यानपिढ्या ऐकवीत आले आहेत की, तुमचा धर्म पाश्चात्यांचा. तो त्यांच्याबरोबर आला, त्यांच्याबरोबर जाईल. एका बोलण्यात प्रेम आहे, दुसऱ्यात टोमणा; पण दोन्हींच्या तळाशी समज एकच आहे. ख्रिस्ती विश्वास आणि पाश्चात्य संस्कृती ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, एक गेले की दुसरे गेलेच, हा तो समज होय. त्याची परीक्षा फार पूर्वी, इ. स. ४१० मध्ये झालेली आहे. ती कशी झाली हे आज आपण पाहू.

रोमच्या साम्राज्यात पहिली तीन शतके ख्रिस्ती लोक अनेकदा छळ सोशीत राहिले. ३१२ साली कॉन्स्टन्टाइन विजयी झाला, ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक मिळाली, आणि ३८० साली सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती विश्वासालाच साम्राज्याचा धर्म ठरविले. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात हे घडले. काल ज्यांना श्वापदांपुढे टाकीत असत, त्यांचे बिशप आज राजदरबारी आसनस्थ झाले. मंडळीचा पहिला इतिहासकार युसेबियस याने तर कॉन्स्टन्टाइनची स्तुती अशा शब्दांत केली की, देवाचे राज्य आणि रोमचे राज्य यांतील सीमारेषा पुसट व्हावी. त्याला दोष देणे आपल्याला सोपे आहे. पण छळाचे दिवस ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला पहिला कृपाळू राजा देवदूतासारखा वाटला तर नवल काय?

आणि मग २४ ऑगस्ट ४१० रोजी गॉथ लोकांचा सरदार आलारिक आपल्या सैन्यासह रोममध्ये शिरला. तीन दिवस लूट चालली. सुमारे आठशे वर्षे परक्या शत्रूचे पाऊल ज्या नगरात पडले नव्हते ते नगर पडले. राजधानी तेव्हा रोममध्ये नव्हती, सम्राट राव्हेन्नात सुरक्षित होता, तरी धक्का जगाला बसला. दूर बेथलेहेमात संत जेरोम यहेज्केलाच्या ग्रंथावर भाष्य लिहावयास बसला होता; बातमी ऐकून त्याला कित्येक दिवस शब्द सुचेना. शास्त्राचा एवढा मोठा पंडित, पण सर्व जगाचा दिवाच विझला, असे त्याला वाटले. प्रभू ज्या गावी जन्मला त्या गावी बसूनही जेरोमचे काळीज रोममध्ये होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

निर्वासितांच्या नावा उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागू लागल्या. तेथील हिप्पो या बंदराच्या गावी ऑगस्टिन बिशप होता. हा मनुष्य आफ्रिकेतच, थागास्ते या लहानशा गावी, ३५४ साली जन्मला. पाश्चात्य ख्रिस्ती विचाराचा पाया ज्याने घातला असे सर्व मानतात, तो आजच्या अल्जीरियाचा पुत्र होता, हे आपल्याला टोमणे मारणाऱ्यांना आणि आपल्यालाही ठाऊक असावे. निर्वासितांत धनाढ्य होते, विद्वान होते. त्यांच्याबरोबर एक आरोपही आला. जुन्या देवतांनी रोमला मोठे केले, त्यांचे यज्ञ बंद पाडले आणि रोम बुडाले. हे ख्रिस्ताचे काम, असा तो आरोप. व्होलुसियानस नावाच्या एका सुशिक्षित सरदाराच्या मंडळात याहून बारीक प्रश्न निघाला : एका गालावर मारले असता दुसरा पुढे करा, असे शिकविणारा धर्म राज्य कसे राखणार? मार्सेलिनस नावाचा ख्रिस्ती अधिकारी ऑगस्टिनचा मित्र होता. त्याने हे आक्षेप ऑगस्टिनला कळविले. त्याच्याच विनंतीवरून ४१३ च्या सुमारास ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ सुरू झाला. त्याच वर्षी मार्सेलिनसवर राजद्रोहाचा आरोप येऊन त्याचा शिरच्छेद झाला. ख्रिस्ती साम्राज्याने एका निरपराध ख्रिस्ती माणसाला असे मारले, आणि त्याच्या नावे अर्पण केलेला ग्रंथ लिहीत ऑगस्टिन पुढे तेरा वर्षे बसला. या एका घटनेने त्याचा राजसत्तेवरील उरलासुरला भरवसा उडाला असेल, असे मला नेहमी वाटते.

ग्रंथाचे बावीस भाग आहेत. पहिल्या दहांत देवतांनी रोमला काय दिले याचा झाडा आहे. उरलेल्या बारांत दोन नगरांची कथा आहे. पण माझे मन रेंगाळते ते पहिल्याच भागावर. रोमच्या लुटीत अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही, सैनिकांनी अत्याचार केले होते. त्या काळच्या रोमन समाजाच्या दृष्टीने अशा स्त्रीला एकच अब्रूचा मार्ग उरे, तो म्हणजे आत्महत्या. लुक्रेशिया नावाच्या कुलीन स्त्रीने तसे केले म्हणून शतकानुशतके तिचे गुणगान होत असे. ऑगस्टिनने या आदर्शालाच हात घातला. तो म्हणतो की, शुद्धता ही मनाची आणि संकल्पाची आहे. दुसऱ्याच्या दुष्टपणाने ती डागाळत नाही. पाप करणाऱ्याने केले, मग सोसणारीने मरावे का? जगाचा इतिहास लिहावयास निघालेला हा पंडित प्रथम या स्त्रियांजवळ थांबतो. संस्कृती पडली म्हणून विद्वान रडत होते, तेव्हा त्या संस्कृतीने ज्यांना मरणाचीच वाट दाखविली, त्यांना तो जगा म्हणून सांगतो. आपल्या देशात ‘अब्रू गेली’ हा शब्द अजूनही सोसणारीच्या माथी मारला जातो. म्हणून ही पाने आपल्या व्यासपीठांवरून वाचली जावीत, असे वाटते.

मुख्य उत्तर असे आहे. मनुष्यजात दोन प्रीतींनी दोन नगरांत वाटली गेली आहे : एकात देवावरील प्रीती, दुसऱ्यात स्वतःवरील. ही नगरे नकाशावर दाखविता येत नाहीत. रोम म्हणजे देवाचे नगर नव्हे. पण केवळ सैतानाचेही नव्हे. दोन्ही नगरांचे नागरिक एकाच बाजारात उठतात-बसतात, एकाच मंडळीच्या बाकांवरही शेजारी शेजारी बसतात, आणि त्यांची निवड शेवटच्या दिवशी होणार आहे. म्हणून राज्य मोठे झाले तर देवाचे राज्य आले असे समजू नये, आणि पडले तर देव हरला असेही समजू नये. न्याय काढून घेतला तर मोठी राज्ये आणि दरोडेखोरांच्या टोळ्या यांत आकाराखेरीज फरक काय, असे तो रोखठोक विचारतो. तरीही नगराच्या शांतीची त्याला पर्वा आहे. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने त्याच शहराच्या हितासाठी प्रार्थना करण्यास सांगितले (यिर्मया २९:७), हे तो विसरत नाही. इब्री लोकांस पत्राचा लेखकही स्थायी नगर येथे नाही असे सांगतो. पण ते सांगताना प्रथम तो वाचकांना वेशीबाहेर, जेथे प्रभूने दुःख सोसले तेथे घेऊन जातो. वेशीबाहेर जाणे म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे नव्हे; जगाने ज्यांना बाहेर टाकले त्यांच्यात जाऊन उभे राहणे होय.

ऑगस्टिनचे सारेच निर्दोष होते असे नाही. आफ्रिकेत डोनाटसपंथी म्हणून वेगळी झालेली मंडळी होती. तिला परत आणण्यासाठी त्याने आधी वादविवादाचा मार्ग धरला. पण पुढे सरकारी सक्तीला पाठिंबा दिला आणि त्यासाठी मेजवानीच्या दाखल्यातील वाक्याचा (लूक १४:२३) आधार घेतला. ज्याने राजसत्तेचे सोंग इतके स्वच्छ ओळखले, त्यानेच तिची काठी हाती घ्यावी, हे दुःखाचे आहे. पुढच्या शतकांनी त्याचा ग्रंथ आदराने वाचला, पण पुष्कळदा काठीच तेवढी उचलली.

शार्लमेन राजाला ‘देवाचे नगर’ वाचून घेणे आवडे, असे त्याचा चरित्रकार लिहितो. ८०० सालच्या नाताळात रोममध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला. पण त्याच्याच कायद्याने सॅक्सन लोकांपैकी जो बाप्तिस्मा नाकारील त्याला मरणाची शिक्षा होती. त्याचा गुरू आल्क्विन याने ७९६ मध्ये निक्षून लिहिले की, माणसाला बाप्तिस्म्याकडे ओढता येते, विश्वासाकडे नाही. ‘पाश्चात्य ख्रिस्ती संस्कृती’ ही काही एक अखंड वस्तू नाही. तिच्यात शार्लमेनही आहे आणि आल्क्विनही. दुसरे एक उदाहरण याहून बोचरे आहे. आलारिकचे गॉथ लोक आरियस पंथाचे ख्रिस्ती होते, रोमन त्यांना रानटी म्हणत. तरी त्यांनी पेत्र व पौल यांच्या मोठ्या मंदिरांत आश्रय घेतलेल्यांना सोडून दिले. एप्रिल १२०४ मध्ये, खांद्यावर क्रूस शिवलेल्या पाश्चिमात्य सैन्याने कॉन्स्टन्टिनोपल हे ख्रिस्ती नगर घेतले, आणि तेही तीन दिवस लुटले. त्यांनी हागिया सोफियाचे मंदिरसुद्धा सोडले नाही. मग रानटी कोण?

अलीकडचे सांगावयाचे तर, १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मनीच्या ९३ नामवंतांनी आपल्या देशाच्या युद्धाचे समर्थन करणारे पत्रक काढले. त्यावर थोर धर्मपंडितांच्याही सह्या होत्या. आपल्या गुरुजनांची नावे त्यात पाहून तरुण पाळक कार्ल बार्थ हादरला. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे हिटलरच्या राज्यातील काही मंडळ्यांनी जो जाहीरनामा काढला, त्याचा मुख्य मसुदा याच बार्थचा होता. ख्रिस्ताखेरीज कोणाही पुढाऱ्याचे वचन देवाचे वचन म्हणून मंडळी मानणार नाही, हा त्याचा आशय.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापला, तेव्हा त्यांनाही हेच शोधावयाचे होते. ख्रिस्ताकडे जाण्यासाठी पश्चिमेच्या वेशीतून जाण्याची गरज नाही. आज जगातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथे राहतात. तेव्हा मूळ वाळले म्हणून घाबरणाऱ्यांनी मूळ कोठे आहे ते पुन्हा पाहावे. मात्र उद्या आपणही आपल्या संख्येला, संस्थांना आणि जमिनींना देवाचे नगर समजू लागलो, तर आपण युरोपहून शहाणे ठरणार नाही.

आता ग्रंथ लिहिणाऱ्याचे काय झाले ते सांगितले पाहिजे. ४२९ मध्ये व्हँडल लोक समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरले. वाटेवरची गावे जळू लागली. होनोरातस नावाच्या बिशपने ऑगस्टिनला विचारले : आम्ही पाळकांनी पळून जावे की राहावे? प्रभूने स्वतःच एका गावातून दुसऱ्या गावी पळून जाण्याची मोकळीक दिली आहे ना (मत्तय १०:२३)? ऑगस्टिनने लांब उत्तर लिहिले. एखाद्याच्याच जिवावर शत्रू उठला असेल, तर त्याने खुशाल निघून जावे. पण संकट सर्वांवर सारखे आले असेल, आणि लोकांना निघता येत नसेल, तर ज्यांच्या सेवेची त्यांना गरज आहे त्यांनी त्यांना सोडू नये. अशा वेळी मंडळीत केवढी गर्दी होते, कोणी बाप्तिस्मा मागतो, कोणी समेट, कोणी नुसते सांत्वन. तेव्हा तेथे कोणीच नसले तर? सर्वच पाळक राहावयास तयार असतील, आणि काहींनी तरी पुढच्यासाठी जिवंत राहणे इष्ट असेल, तर चिठ्ठ्या टाकाव्यात, असेही त्याने सुचविले.

४३० च्या उन्हाळ्यात हिप्पोला वेढा पडला. तिसऱ्या महिन्यात ऑगस्टिनला ताप आला. पूर्वी त्याने बंदिवानांना सोडविण्यासाठी मंडळीची सोन्याचांदीची पात्रेही वितळविली होती. आता त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन भिंतीवर लावली, आणि अंथरुणावरून ती वाचीत तो रडत असे. शेवटचे दहा दिवस वैद्य व जेवण आणणाऱ्यांखेरीज कोणाला आत येऊ दिले नाही. २८ ऑगस्ट रोजी तो प्रभूमध्ये निजला, वय पंचाहत्तर. त्याचा मित्र पोसिदियस लिहितो की, त्याने मृत्युपत्र केले नाही, कारण मागे ठेवण्याजोगे स्वतःचे असे काही नव्हते. मंडळीचा ग्रंथसंग्रह तेवढा पुढच्यांसाठी नीट जपावा, अशी त्याची सूचना होती. वेढा सुरूच होता.